गुलाबी ट्यूबखाली पाहिलेला मासा

फ्लॉवरहॉर्न हा मासा जगातल्या कुठल्याच नदीचा नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या तीन-चार माशांचा संकर करून मलेशिया-तैवानकडच्या लोकांनी तो काचेच्या टाकीत घडवला. त्याला गाव नाही, मूळ नाही. आहेत ती फक्त नावं, आणि ती नावं देणारी माणसं. नाशिकमध्ये बावीस वर्षं ती नावं देणारा माणूस मी होतो.

संपादकांनी माझ्याकडे दुकानातल्या गमती मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. पण मी लिहायला बसलो तो त्यांच्यासाठी नाही.

जेल रोडला माझं माशांचं दुकान आहे. पुढे शोभेच्या टाक्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये कामाच्या. फ्लॉवरहॉर्न तुम्ही पाहिला असेल. एखाद्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, बिल्डरच्या केबिनमध्ये तो एकटाच असतो, कारण दुसरा मासा सोडला तर तो त्याला मारतो. कपाळावर मोठ्या लिंबाएवढा उंचवटा, त्याला आम्ही ‘हेड’ म्हणतो. अंगावर काळ्या ठिपक्यांची रांग, ती ‘फुलं’. त्यावर चमकणारे मोत्यांसारखे कण. माणूस काचेजवळ आला की हा मासाही काचेजवळ येतो आणि आपल्याकडे बघतो. तो नशीब आणतो असं कुणीतरी पसरवलं आणि आमचा धंदा चालला.

यात मुख्य नावं दोन. झेन झू आणि काम्फा. झेन झूचे डोळे लालसर, शेपूट गोल, अंगावर मोती जास्त. काम्फाचे डोळे आत बसलेले, पांढरे किंवा पिवळे, तोंड लहान, शेपूट पंख्यासारखी उघडी. पुस्तकात हे इतकं सोपं आहे. टाकीत मात्र डोळे आईचे येतात, शेपूट बापाची येते आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘नक्की काय आहे?’

तिसरा प्रकार आहे तो सोनेरी. माझी गोष्ट त्याच्यावर उभी आहे, म्हणून नीट सांगतो. ही पिल्लं जन्मतात राखाडी. मग वाढता वाढता काळी पडतात, अगदी कोळशासारखी, आजारी वाटावीत इतकी. आणि मग एके दिवशी त्या काळ्या कातडीला गळ्याखाली, कल्ल्यापाशी एक फिकट ठिपका पडतो. तो पसरत जातो, काळं सोलून निघतं आणि आतून सोनं येतं. बरीच पिल्लं सहा महिन्यांत सोलतात. काही वर्ष घेतात, काही त्याहून जास्त. काही कधीच सोलत नाहीत, तशीच काळी म्हातारी होतात. सोलणारं कुठलं आणि न सोलणारं कुठलं, हे आधी सांगणं म्हणजे आमच्या धंद्यातली खरी परीक्षा.

त्यासाठी मी तीन नियम केले होते आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते ऐकवायचो. मासा दिवसाच्या उजेडात बघायचा, दुकानातल्या गुलाबी ट्यूबखाली नाही. त्या ट्यूबखाली मेलेला मासासुद्धा लाल दिसतो. दुसरं, रिकाम्या टाकीत बघायचा, खाली वाळू नको, मागे चित्र नको. तिसरं, प्रवास करून आलेल्या माशाला तीन दिवस आराम द्यायचा. पिशवीतून काढलेला मासा म्हणजे पोलीस चौकीत बसवलेला माणूस. तो आपला खरा रंग दाखवत नाही.

आता गमती. पंचवटीतले एक गुरुजी होते. चार वर्षं त्यांनी फ्लॉवरहॉर्न पाळला, त्याचं नाव ठेवलं गणपत. एक दिवस सकाळी फोन आला.

“मधुकरराव, गणपतने अंडी घातली.”

“गुरुजी, म्हणजे ती मादी आहे.”

“तुम्हीच नर म्हणून दिला होतात.”

“लहान असताना दिला होता. माझी चूक झाली.”

ते आवाज खाली आणून म्हणाले, “पण नराशिवाय अंडी? वास्तूत काही दोष तर नसेल?”

“कोंबडी घालते तशीच गुरुजी. नर नसला तरी घालते.”

“कोंबडीचं उदाहरण आमच्याकडे नका देऊ. आणि आता हाक काय मारू तिला?”

“गणपतच म्हणा. तिला काही फरक पडणार नाही.”

गंगापूर रोडचे एक बिल्डर होते. त्यांना माशाच्या अंगावरच्या फुलांत ‘श्री’ हवा होता. मी त्यांना तीन महिने मासे दाखवले. शेवटी एका माशाच्या अंगावर त्यांना तो दिसला. मला दिसला नाही, पण मी मान डोलावली. हे बिल्डर पुढे पुन्हा येणार आहेत.

सिडकोतल्या एक बाई लालभडक पिल्लू घेऊन आल्या होत्या, दुसऱ्या दुकानातून घेतलेलं. मी म्हणालो, “ताई, याला रंग यावा म्हणून संप्रेरकं चारली आहेत. तीन महिन्यांत उतरेल.” त्यांना राग आला. तीन महिन्यांनी त्या राखाडी मासा घेऊन परत आल्या आणि काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, “काका, तुम्ही ज्योतिषी का नाही झालात?” असले मासे मी कधी विकले नाहीत. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

अशा गोष्टींनी माझं नाव झालं. धुळ्याहून, नगरहून लोक फोटो पाठवू लागले. ‘मधुभाऊंनी सांगितलं म्हणजे झालं,’ असं म्हणायची पद्धत पडली. हे वाक्य माणसानं स्वतःबद्दल फार वेळा ऐकू नये.

पगारे भाऊ पहिल्यांदा दुकानात आले ते औषध न्यायला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कोळशाच्या विभागात होते. मुलीच्या हट्टानं घेतलेले दोन गोल्डफिश आजारी होते. गोल्डफिश वाचले नाहीत, पण पगारे भाऊ येत राहिले. ड्युटीवरून येताना, हाताच्या रेषांत काळं बसलेलं, टाक्यांसमोर उभे राहायचे. प्रश्न विचारायचे ते वेगळेच.

“मधुभाऊ, हे काम्फा, झेन झू, ही सगळी तिकडची नावं. आपल्याकडचं एकपण कसं नाय?”

“आपल्याकडे कुणी स्वतःची ओळ, म्हणजे वंश, तयार केली नाही म्हणून.”

“केली तर नाव देता येतं?”

“येतं. चार-पाच पिढ्या एकसारखी उतरली तर.”

“मग एकलहरे का नाय?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांनी खरंच सुरुवात केली. क्वार्टरच्या गच्चीवर शेड टाकली, जुन्या टाक्या गोळा केल्या. नर माझ्याकडून नेला, सोनेरी, गळ्याखाली तिरका पांढरा पट्टा असलेला. तसा पट्टा मी दुसऱ्या माशावर पाहिलेला नाही. त्याला ते राजा म्हणायचे. मादी त्यांनी स्वतः शोधली, आणि चांगली शोधली. सहा-सात वर्षं ते त्यात होते. एका पिढीतले निवडायचे, पुढे जोडी लावायची, वहीत लिहून ठेवायचं. प्रत्येक शनिवारी माझ्याकडे यायचे आणि वही वाचून दाखवायचे. त्यांच्या चौथ्या पिढीत छप्पन्न पिल्लं जगली. तिसऱ्या महिन्यात त्यातलं एक त्यांनी पिशवीत घालून आणलं आणि काउंटरवर ठेवलं.

“हे तुमच्याकडं राहू द्या. गुरुदक्षिणा समजा.”

मी ते मागच्या शेडमध्ये कोपऱ्यातल्या टाकीत सोडलं आणि विसरलो.

छाटणीबद्दल सांगायला हवं. द्राक्षवाले हा शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात, आमच्याकडे त्याचा अर्थ वाईट पिल्लं मारणं. ज्याला ओळ तयार करायची आहे त्यानं वाकडं, फिकं, अर्धवट पिल्लू ठेवायचं नसतं. जागा अडते, आणि असे मासे बाहेर गेले तर नाव खराब होतं. पगारे भाऊंना हे जमायचं नाही. ते बौद्ध आहेत, पंचशील घरात रोज म्हटलं जायचं. जीव घेणार नाही, हे त्यातलं पहिलंच. ते नको असलेली पिल्लं ओळखीत फुकट वाटून टाकायचे. मी त्यांना यावरून बोलायचो. एकदा म्हणालो, “भाऊ, दया आणि ब्रीडिंग एका टाकीत राहत नाहीत.” वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दोन-तीन ठिकाणी मी ते पुन्हा वापरलंही.

करोनाच्या आधीच्या वर्षी, श्रावणातल्या एका रविवारी, दुकानात गर्दी होती. मुंबईचे एक मोठे आयातदार माझ्याकडे आले होते. त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं होतं आणि मला ते आवडलं होतं. आम्ही चहा घेत होतो. तेवढ्यात पगारे भाऊ आले, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून, भिजलेले. आठ महिन्यांचे तीन मासे आणले होते. तिन्ही काळे.

“अजून एकपण सोलला नाय मधुभाऊ. माझ्याकडच्या पंचावन्नातला एकपण नाय. जरा बघता?”

मी म्हणायला हवं होतं, ठेवून जा, बुधवारी बघतो. तसं मी कुणालाही म्हणालो असतो. पण आयातदार कप खाली ठेवून म्हणाले, “बघा ना. तुमची नजर बघायलाच आलोय.”

मी पिशव्यांतले मासे पुढच्या टाकीत सोडले. वर गुलाबी ट्यूब होती. खाली निळी वाळू, मागे प्रवाळाचं चित्र. पावसात तासभर हिंदकळून आलेले मासे कोपऱ्यात तळाशी जाऊन बसले. मी दोन मिनिटंही पाहिलं नसेल. हातात कप तसाच होता.

“हे सोलणार नाहीत.”

“कधीच नाय?”

“ओळच बिघडली. मादीकडून आलंय.” आणि मग मी ते म्हणालो. “पगारे भाऊ, तुमच्या एकलहऱ्याची राख बसलीय यांच्यावर. ती कुठं निघते?”

आयातदार मोठ्यानं हसले. दुकानातले आणखी दोघं हसले. पगारे भाऊसुद्धा हसल्यासारखे झाले. त्यांनी रुमालानं मान पुसली.

“मग काय करू?”

“छाटून टाका. सगळे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.”

“सगळे? वाटून टाकतो मी.”

“बिघडलेली ओळ गावभर वाटणार? उद्या लोक म्हणतील हे पगारेंचे मासे. नाव पाहिजे ना तुम्हाला?”

मी खणातून लवंगेच्या तेलाची छोटी बाटली काढून त्यांना दिली. पाण्यात टाकली की मासा झोपतो आणि झोपेतच जातो. कसं टाकायचं, किती टाकायचं, तेही सांगितलं. मासे परत पिशव्यांत भरले. ते गेल्यावर आयातदार म्हणाले, “नजर आहे बुवा तुमच्याकडे.”

आठ-दहा दिवसांनी वहिनींचा, म्हणजे पगारे भाऊंच्या बायकोचा फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

“भाऊ, तुम्ही काय सांगितलं त्यांना? त्या दिवशी दिवसभर गच्चीवर होते. खाली आले ते जेवले नाय. घरभर लवंगेचा वास. आता विहारात पण येत नाय माझ्याबरोबर. म्हणतात, मी कोणत्या तोंडानं म्हणू?”

मी म्हणालो, “वहिनी, ब्रीडिंगमध्ये हे करावंच लागतं. सवय होईल.”

“सवय?” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याच महिन्यात मागच्या शेडमध्ये टाक्या धुताना मी कोपऱ्यातली टाकी उघडली. ते पिल्लू तिथे होतं. हातभर लांबच्या टाकीत, साध्या दिवसाच्या उजेडात, रिकाम्या तळाशी. कित्येक महिन्यांचा आराम झालेलं. त्याच्या गळ्याखाली फिकट ठिपका पडला होता.

मी टाकीसमोर खाली बसलो. किती वेळ ते आठवत नाही. माझे तिन्ही नियम त्या टाकीत आपोआप पाळले गेले होते आणि ते मी पुढच्या टाकीत, लोकांसमोर, तोडले होते. पंधरा दिवसांत त्याचं पोट सोनेरी झालं. दीड महिन्यात अंगावर काळ्याचा ठिपका उरला नाही, फुलांच्या रांगेशिवाय. हेड वर यायला लागलं होतं. आणि गळ्याखाली, राजाला होता तसा, तिरका पांढरा पट्टा.

एवढा सुंदर मासा मी माझ्या दुकानात पाहिला नव्हता. त्याच्याएवढीच सोनेरी झाली असती अशी भावंडं पगारे भाऊंनी माझ्या सांगण्यावरून मारली होती. त्यांना फोन करायला मी तीन वेळा फोन हातात घेतला. सांगायचं काय? जरा थांबला असतात तर? तुम्ही थांबायला तयार होतात, मीच घाई केली? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आता सांगून उपयोग नाही, त्यांना उलट जास्त त्रास होईल. भित्रा माणूस दुसऱ्याच्या त्रासाचा फार विचार करतो.

तो मासा ठेवून घेतला असता तरी एक वेळ ठीक. मी तो विकला. ‘श्री’वाल्या बिल्डरनी तो पाहिला आणि विचारलं, “कुठला?” मी म्हणालो, “थायलंडचा.” शब्द तोंडातून गेला तेव्हा मला कळलं की हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पगारेंचा म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, बाकीचे कुठे आहेत.

जानेवारीत शहरातल्या हौशी लोकांनी एका मंगल कार्यालयात माशांचं प्रदर्शन भरवलं. माशांच्या जाती तपासून टाकीवर चिठ्ठी लावायचं काम माझं. बिल्डरनी तो मासा मांडला होता. चिठ्ठीवर मी माझ्या हातानं लिहिलं: सोनेरी, थायलंडहून आयात. त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पगारे भाऊ आणि वहिनी आले. पगारे भाऊंनी मधल्या काळात शेड मोडली होती. जोडीसुद्धा कुणाला तरी देऊन टाकली होती. माझ्या दुकानात यायचे बंद झाले होते. बारीक झाले होते. ते एकेक टाकी बघत आले आणि त्या टाकीसमोर थांबले. मी चार पावलांवर होतो. पळून जाता आलं असतं, पण त्यांनी मला पाहिलं होतं.

ते खाली वाकले. मासा त्यांच्याकडे काचेला आला. या जातीची ती सवयच आहे, कुणाकडेही येतात. ते कितीतरी वेळ तसेच वाकून होते. मग उभे राहिले आणि चिठ्ठी वाचली.

“गळ्याखाली पट्टा हाय मधुभाऊ.”

“हो.”

“आपल्या राजासारखा.”

मला आजही ते वाक्य त्याच आवाजात ऐकू येतं. चढा नाही, आरोपाचा नाही. दार उघडून बाजूला उभं राहिल्यासारखा.

“थायलंडच्या ओळीत येतो असा,” मी म्हणालो. “साम्य असतं कधी कधी.”

“असं हाय का.”

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. पगारे भाऊ म्हणाले, “असाच पाहिजे होता आपल्याला.” आणि ते पुढच्या टाकीकडे गेले. वहिनी जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही दिलेली बाटली हाय अजून. उरलीय त्यात. पाहिजे का परत?” मी नको म्हणालो.

नंतर करोना आला. दुकान बंद, वाहतूक बंद, हीटर बंद पडून माझे निम्मे मासे मेले. बिल्डरचा तो मासाही त्या काळात गेल्याचं कळलं. पगारे भाऊ निवृत्त झाले, पण क्वार्टर सोडून एकलहऱ्यातच भाड्यानं राहिले. हे मला दुसऱ्यांकडून कळत होतं. मी जाती सांगणं हळूहळू बंद केलं. कुणी फोटो पाठवला तर लिहायचो, फोटोवरून कळत नाही. लोकांना वाटलं मी भाव खातो. गुलाबी ट्यूबही काढून टाकली. दुकान आता फिकं दिसतं, गिऱ्हाईकं तसं तोंडावर सांगतात.

गेल्या मे महिन्यात फोनवर एक फोटो आला. पगारे भाऊंचा नंबर. पाच वर्षांहून जास्त काळानंतर. सिमेंटच्या हौदात एक मासा. सोनेरी, मोठा, हेड फार नाही पण आहे. शेपटीला जुनी चीर. फोटोखाली एकच शब्द होता. ‘ओळखा.’

मला ओळखायला फोटो मोठा करावा लागला नाही. हा त्या छप्पन्नातलाच होता. मी लिहिलं, ‘कुठे आहे?’

‘मेव्हण्याच्या विहिरीत. गाळ काढायला घेतलाय. या बघायला.’ आणि खाली पत्ता.

सिन्नरच्या बाजूला ते गाव आहे. मी दुसऱ्याच दिवशी गेलो नाही. दोन दिवस घालवले आणि मग मोटारसायकलवर निघालो. विहिरीवर यारी बसवली होती. गाळाच्या पाट्या वर येत होत्या, काठावर चार-पाच माणसं. पगारे भाऊ बाभळीच्या सावलीत हौदाच्या कठड्यावर बसले होते. केस पांढरे झालेले. मला पाहून उठले नाहीत, सरकून जागा केली.

“एक्कावन्न झाले त्या दिवशी,” ते म्हणाले. “चार राहिले होते. हात उचलेना. बादलीत घालून इथं आणून सोडले. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, म्हणलं जगले तर जगले. मेव्हण्याला पण सांगितलं नाय. तीन दिवस झाले, गाळात सापडला. एकच राहिलाय. बाकीचे यानंच मारले असतील.”

म्हणजे तो तीन दिवस हौदात होता. दिवसाचा उजेड होता. हौदाचा तळ रिकामा होता. तो कठड्याजवळ आला आणि वर, आमच्याकडे बघत राहिला. त्यानं अंग वळवलं तेव्हा गळ्याखालचा पट्टा दिसला.

मग मी सांगितलं. सगळं, क्रमानं. कप हातात धरून पाहिलं होतं ते. कोपऱ्यातली टाकी. गळ्याखालचा ठिपका. प्रदर्शनातला मासा कुणाचा होता ते, आणि ती चिठ्ठी. सांगताना मी हौदाकडे बघत होतो. यारीचा आवाज मधे यायचा तेव्हा थांबायचो, कारण मला पुन्हा सांगावं लागू नये असं वाटत होतं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, “प्रदर्शनातच कळलं होतं मला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“मी वाढवलेला मासा मला कळणार नाय? सात वर्षं वही लिहिली मी. त्याच्या फुलांच्या रांगेत तिसरं फूल नव्हतं. तुमच्याकडं आणला तेव्हापण नव्हतं, वहीत हाय लिहिलेलं.”

“मग भाऊ, विचारलं का नाही मला?”

“विचारलं होतं की. तुम्ही थायलंड म्हणाले.”

खाली विहिरीत कुणीतरी हसलं, वरच्यानं त्याला शिवी दिली, पाटी वर आली.

“चूक कोणाची पण होते,” ते म्हणाले. “मीपण मारायला नको होते. ते माझं हाय, तुमच्यावर नाय टाकत. बाटली तुमची, हात माझा. विहिरीतल्यांचं काय झालं ठाऊक नव्हतं. पण प्रदर्शनात तुम्ही हो म्हणाले असते ना, तर एक तर जिवंत हाय एवढं तरी घरी जाऊन सांगितलं असतं मी तिला. आमच्या घरात अजून मसाल्यात लवंग घालत नाय.”

मी म्हणालो ते आता लिहितानाही लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “भाऊ, अजून उशीर झालेला नाही. हा नर आहे. मी चांगली मादी शोधून देतो. फोटो, वही, सगळं घेऊन लोकांसमोर मी स्वतः सांगतो ही ओळ तुमची आहे. एकलहरे नाव मी लावून देतो.”

त्यांनी हौदात हात घातला. मासा हातापाशी आला, बोटं हुंगल्यासारखं केलं आणि मागे गेला.

“नाव तुम्ही नका देऊ,” ते म्हणाले.

“मग मला बोलावलं कशाला? ‘ओळखा’ लिहिलं होतंत.”

“तुम्ही येता का ते बघायचं होतं.”

मी पुन्हा वाकून माशाकडे पाहिलं. डोळे कसे, शेपूट कशी, तोंड केवढं, हे सगळं डोक्यात आपोआप सुरू झालं, इतक्या वर्षांची सवय. काम्फाकडून काय आलंय, झेन झूकडून काय. ते मी बाहेर येऊ दिलं नाही.

“गाळ झाला की परत विहिरीत सोडणार हाय,” ते म्हणाले. “त्याचं घर हाय ते.”

मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. “तुमची गाडी उन्हात हाय. निघा आता.”

त्या भागात भर दुपारी दारात आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. काठावरच्या माणसांसाठी किटली आलेली होती. मेव्हण्यांनी माझ्यासाठी कप विसळायला घेतला होता, तेवढ्यात त्यांनी पगारे भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप पालथा ठेवला. मी निघालो.